शिबिर कोणी निवडलं

पन्ह्यातल्या वेलचीचा वास आला की पिंपळे सौदागरच्या आमच्या घरातली मे महिन्यातली एक दुपार आठवते. नातीला लष्करी अकादमीत जायचं होतं आणि निवडीच्या मुलाखतीआधी नेतृत्व शिबिरासाठी तिच्याकडे ही एकच सुट्टी उरली होती. दोन शिबिरं समोर होती, एक रिसॉर्टमधलं आणि एक डोंगरातलं. मी म्हटलं, "रिसॉर्टवालं घे, प्रमाणपत्र झकास देतात." ती म्हणाली, "आजोबा, चाकणच्या कंपनीत तुम्ही ट्रायलशिवाय माल घ्यायचात का?" आणि फोन स्पीकरवर टाकून तिने दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला, "दोरावर एखादी मुलगी घाबरून अडकली तर काय करता?" रिसॉर्टवाले म्हणाले, "आमच्याकडे कुणी घाबरतच नाही, मॅडम." डोंगरातल्या शिबिराच्या बाई मात्र हसल्या, "सगळ्याच घाबरतात गं. मग तिला खाली कसं आणायचं, ते बाकीच्या मुली ठरवतात." "हेच!" नात खुर्चीवरून उडालीच, पन्हं सुनेच्या साडीवर सांडलं, तरी सून ओरडली, "अगं, आत्ताच नाव नोंदव!" आता नात अकादमीत आहे आणि कुठलं शिबिर निवडावं हे विचारायला सोसायटीतले पालक माझ्याकडे येतात, "तुमची नजर पारखी, काका," म्हणतात. आजवर मी नुसती मान डोलावत आलो. खरं तर त्या दिवशी मी रुसून नातीशी रात्रीपर्यंत बोललोसुद्धा नव्हतो.