व्हर्लिनला कोण सांगणार?

मिनेसोटातल्या लुन्डाल गावच्या बेसबॉल संघाला ऑरिन हॉगडाल हा कोच एकतीस वर्षं लाभला. पेशाने न्हावी, मनाने लोणी. कुणाला संघातून काढायचं झालं, तर आधी त्याला स्वतः तोंडावर सांगायचं आणि मगच यादी द्यायची, हा त्याचा नेम.

त्या रविवारी सामना सुरू झाला, तेव्हा राज्य स्पर्धेच्या यादीत एकाच पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, जागा उरली होती. उमेदवार दोन, आणि दोघांनीही दिवेच लावलेले. व्हर्लिन ट्यादेन हा एकोणचाळीस वर्षांचा प्लंबर ओळीने सहा सामने हरला होता. भूगोलाचा मास्तर मर्ल ऑस्टबी याचा चेंडू तर एकदा थेट सॉसेजच्या टपरीत शिरला होता. दिशा शिकवता येते, वयाचं काय करणार, असा विचार करून ऑरिनने मर्लचं नाव लिहिलं.

"व्हर्लिनला सांगितलंस का?" धावांची वही सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोने, लव्हॉनने विचारलं.

"तिसऱ्या डावानंतर सांगतो."

तिसरा डाव संपला आणि पंचाईत झाली. व्हर्लिनने समोरच्यांना एकही फटका मिळू दिला नव्हता! अशा पिचरशी पहिला फटका बसेपर्यंत, नाहीतर सामना संपेपर्यंत, बोलायचं नाही, त्याच्याजवळ बसायचंही नाही. बोललात की त्याचा हात बिघडलाच. लुन्डालची माणसं एखादे वेळी चर्च चुकवतील, हे नाही चुकवणार. बाकाच्या एका टोकाला व्हर्लिन एकटा आणि दुसऱ्या टोकाला अख्खा संघ एकमेकांच्या मांडीवर.

सातव्या डावात यादी न्यायला आलेला स्पर्धेचा सचिव गेलॉर्ड कावला. "ऑरिन, मला अजून दोन गावं करायचीत. दे तो कागद!"

"त्याला सांगितल्याशिवाय कसा देऊ?"

"मग सांग ना!"

"बोलू कसा?"

"थांब, मीच सांगतो."

"गेलॉर्ड," लव्हॉन म्हणाली, "एक पाऊल टाकून बघ. वही डोक्यात घालीन."

तेवढ्यात व्हर्लिनच उठून आला. "कोच, मी यादीत आहे का नाही?"

ऑरिन आभाळ न्याहाळू लागला.

"अहो, निदान मान तरी हलवा!"

ऑरिनने आवंढासुद्धा गिळला नाही. व्हर्लिन पाय आपटत मैदानात गेला.

गेलॉर्डने गाडी सुरू केली. ऑरिनने मर्लचं नाव खोडलं, व्हर्लिनचं लिहिलं आणि मर्लपुढे जाऊन टोपी काढली.

"मर्ल, तुझं नाव नाही रे."

मर्लचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं, कोच?"

एकतीस वर्षांत ऑरिन कुणाशी खोटं बोलला नव्हता. "काही नाही चुकलं, बाळा. तुझ्याशी बोलता येतं, एवढंच."

मर्लचा जन्म लुन्डालचा. "हो," तो म्हणाला, "तेही खरंच."

कागद गेला, गाडी गेली, आणि पुढच्याच चेंडूवर असा फटका बसला की चेंडू सोयाबीनच्या शेतात दिसेनासा झाला. बाकावर एकदम सगळ्यांची तोंडं उघडली.

व्हर्लिन मैदानातूनच ओरडला, "कोच! आता तरी सांगा!"

ऑरिनने तोंड उघडायच्या आत मर्लच कठड्यावर चढला. "आहेस रे, गाढवा, आहेस! आता बडबड पुरे, नीट टाक!"