अर्लीनच्या नावावर फाडलेली पावती

विल्बर्न क्राल तसा वाईट माणूस नव्हता. टेक्सासातल्या त्या चेक लोकांच्या वस्तीत कोणाचं कुंपण पडलं, कोणाची गाय अडली, की आधी हाक जायची ती विल्बर्नला. बावीस वर्षं तो पशुखाद्याच्या दुकानाचा ट्रक चालवत होता. खोड एकच. गाडीत बसला की ‘हळू’ हा शब्द त्याच्या उजव्या पायाला ऐकूच यायचा नाही.

त्या वर्षी मार्चपर्यंत पोलिसांनी त्याच्या दोन पावत्या फाडल्या. पहिली त्याने सुरक्षित ड्रायव्हिंगच्या वर्गात सहा तास जांभया देऊन पुसून घेतली. वर्ग केला की पावती रद्द, विमा कंपनीला पत्ता नाही, हप्ता जागच्या जागी. पण ही माफी वर्षातून एकदाच. दुसरी पावती नोंदली गेली, घरच्या गाडीचा हप्ता वाढला, आणि दुकानाच्या मालकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता आणखी एक दिसली तर विमावाले तुझं नाव ट्रकच्या यादीतून काढतील. म्हणजे ट्रक गेला, आणि ट्रकबरोबर नोकरी. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

त्याची बायको अर्लीन पस्तीस वर्षं गाडी चालवत होती आणि तिच्या नावावर एक पावती नव्हती. चर्चची व्हॅन तीच चालवायची, फुकट. म्हाताऱ्यांना रविवारी प्रार्थनेला, आणि मंगळवारी-शुक्रवारी मिसेस मारेकना डायलिसिसला. अर्लीनच्या व्हॅनमध्ये काठोकाठ भरलेला कॉफीचा कप धरून बसावं, असं गावात म्हणत. हे ऐकलं की ती उगाच पदार्थांच्या गप्पा काढायची, पण चेहरा खुललेला लपत नसे.

मे महिन्यात भाचीच्या लग्नाला दोघं पिकअपमधून निघाली. अर्लीनच्या मांडीवर बटाट्याच्या सॅलडचं पातेलं. रस्त्याची वेगमर्यादा ताशी पंचावन्न मैल, आणि काटा एकाहत्तरवर. ती दोनदा म्हणाली, हळू चालव, लग्न दोनला आहे. समोरून शेरीफच्या माणसाची गाडी आली, गेली, आणि आरशात वळताना दिसली. विल्बर्नने पिकअप कापसाच्या गिरणीच्या आवारात, शेडच्या आडोशाला घातली.

पुढे त्याने स्वतःची पुष्कळ समजूत घातली की हे दोघांनाही एकदमच सुचलं. खोटं आहे ते. बोलला तोच.

“सरक इकडे. तू वर्ग केलास की पुसली जाईल.”

अर्लीनने त्याच्याकडे एकवार पाहिलं, पातेलं त्याच्या मांडीवर ठेवलं आणि ती त्याला ओलांडून स्टिअरिंगमागे आली. शेरीफचा माणूस खिडकीशी पोचला तेव्हा विल्बर्न सॅलड सांभाळत साळसूद चेहऱ्याने बसला होता.

वर्ग अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये, एका शनिवारी होता. दुपारी विल्बर्न तिचं जेवण घेऊन गेला आणि मागच्या खुर्चीवर टेकला. प्रत्येकाने उठून आपली चूक सांगायची, असा तिथल्या मास्तरांचा नियम होता. अर्लीनची पाळी आली.

“चूक माझीच,” ती म्हणाली. “नवरा सांगत होता हळू चालव. मी ऐकलं नाही.”

वर्ग हसला. कोणीतरी म्हणालं, बाई, नवऱ्याचं ऐकत जा. विल्बर्नला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही सगळ्यांबरोबर तोही थोडा हसला. पावती तिच्या माथी मारल्याबद्दल त्याने स्वतःला कशीबशी माफी दिली असती. त्या हसण्याला माफी नव्हती.

पावती पुसली गेली. गंगेत घोडं न्हालं, असं त्याला वाटलं. ऑगस्टमध्ये चर्चच्या व्हॅनच्या विमावाल्यांचा नवा अर्ज आला. तीन वर्षांत पोलिसांची पावती मिळाली होती का, वर्ग करून पुसली असली तरी लिहा, असा त्यात प्रश्न होता. विल्बर्न म्हणाला, अगं, कोण बघायला येतंय? नाही म्हणून टाक.

“तुझ्यासाठी पोलिसाशी खोटं बोलले,” अर्लीन म्हणाली. “चर्चच्या कागदावर नाही बोलणार.”

तिने ‘हो’ लिहिलं. विमावाल्यांनी चालकांच्या यादीत तिचं नाव घेतलं नाही. फादर शिमेकनी दहादा वाईट वाटतं म्हणत किल्ल्या परत घेतल्या. मिसेस मारेकना त्यांचा पुतण्या नेऊ लागला, म्हणजे त्याला सवड असेल तेव्हा. एका शुक्रवारी त्यांचं जाणं हुकलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सुजलेल्या पायांनी इस्पितळात न्यावं लागलं. अर्लीनने ते फोनवर ऐकलं, फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर विल्बर्नला घास गिळता आला असता.

शेवटी सप्टेंबरातल्या एका शनिवारी चार वाजता तो पापाची कबुली द्यायला चर्चमधल्या कबुलीच्या खोलीत फादर शिमेकांच्या जाळीसमोर गुडघ्यावर बसला. गिरणीपासून त्या हसण्यापर्यंत त्याने सगळं सांगितलं. आता छातीवरचा दगड उतरेल म्हणून तो थांबला.

“इथलं इथेच राहतं,” फादर म्हणाले. “बाहेर गेल्यावर मला यातलं काही माहीत नाही. तिला किल्ल्या परत मिळायच्या असतील, तर हेच तुम्हाला ऑफिसात, माझ्या समोर बसून सांगावं लागेल. संध्याकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर मी तिथेच आहे.”

हा नियम विल्बर्नला आठव्या वर्षापासून पाठ होता. कुठे बोललं म्हणजे काहीच गमवावं लागणार नाही, हे पक्कं ठाऊक असल्यामुळेच आपण इथे आलो, हे त्याला तिथल्या तिथे कळलं आणि स्वतःची शिसारी आली. फादरनी प्रायश्चित्त म्हणून दहा ‘नमो मारिया’ प्रार्थना म्हणायला सांगितल्या.

बाहेर बाकावर अर्लीन वाट पाहत होती. तिने शेजारी जागा करून दिली.

“किती दिल्या?”

“दहा.”

“आण, पाच मी म्हणते,” ती कुजबुजली. “मिस्सा सुरू व्हायच्या आत होतील.”

ऑफिसचं त्याने सांगितलं नाही. तो गुडघ्यावर बसला आणि पहिल्या नमो मारियाचे शब्द जुळवू लागला. शेजारी अर्लीन डोळे मिटून, बोटांवर मोजत, त्याच्या वाट्याच्या पाच म्हणत होती.