जीपची खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशीची ती संध्याकाळ मला पिवळीच आठवते. पावसाने उघडीप दिली होती, कडुनिंबातून ऊन अंगणात उतरलं होतं आणि आमची जुनी जीप चाकं काढून विटांवर उभी होती. बैलजोडी विकून ह्यांनी ती घेतली होती, नांदुरा ते जळगाव जामोद सवाऱ्या न्यायला. पोळा सरला की तिच्यातूनच मी माहेरी जाणार होते, पहिल्या बाळंतपणाला. वाटेत पूर्णेचा उतार, आणि गाडीला ब्रेक नावालाच. म्हणून हे स्वतःच नवे लायनर बसवत होते, चाकावरचा तुटका कमानपाटा बदलत होते. मी पाने हातात देत होते आणि पोटातल्या बाळाशी मनातच बोलत होते. भीती वाटत होती, पण तीही गोड होती.

हे चहाला उठले, मीही आत गेले. परत येऊन ह्यांनी अंधुक उजेडात ब्रेकचे ड्रम लावले, चाकं चढवली आणि गाडी फाटकाकडे सोडली. ब्रेक दाबला तरी ती थांबलीच नाही. सरळ कडब्याच्या गंजीत घुसली.

ड्रम उघडला, तर आत लोणी आणि हळद!

सासूबाई वाटी घेऊन उभ्याच होत्या. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळायच्या. "माही सून याच्यात बसून चालली," त्या म्हणाल्या. "मंग खांदा नको मळू?"

हे चिडले, पण लगेच बाकीचे ड्रमही उतरवले. पेट्रोलने लायनर धुतले, काचकागदाने घासले, पुन्हा बसवले. गाडी फाटकाशी गपकन थांबली. मग त्यांनी सासूबाईंचा हात धरून कमानपाट्यावर ठेवला. "माय, खांदा हा हाय. भार हा वायते."

सासूबाईंनी उरलेलं लोणी तिथे चोळलं आणि बैलांना म्हणायच्या तसंच हळू म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

निघायच्या दिवशी मी सासूबाईंच्या पाया पडले. त्या मात्र पुन्हा कमानपाट्याशी वाकल्या. "दोघायले नेऊन राह्यले. तिघायले घेऊन जेवायले या."

पूर्णेच्या उतारावर ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी पाण्याच्या अलीकडे शांत उभी राहिली आणि मला रडू फुटलं.

"काऊन रडून राह्यली? लागला ना ब्रेक!"

"आवतन हाय आपल्याले," मी म्हटलं. "तिघायले."