चेअरमनच्या मोबाइलवर टाकलेला पासवर्ड

वैशालीने मला फसवलं, असं मी तीन वर्षं बुधवार पेठेत सांगत आलो. ते खोटं आहे. मी तिला फसवलं. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

माझं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं दुकान आहे. पथारीवर रेडिओ दुरुस्त करत इथवर आलो. कोणाचा आधार नव्हता. म्हणूनच असेल, मला कोणी शिकवायला लागलं की डोकं फिरतं. वैशाली अकोल्याची. दुकानातला कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांचं रजिस्टर तिच्याकडे. कॅमेरे बसवले की रेकॉर्डिंगच्या प्रत्येक मशीनला मी एकच पासवर्ड टाकायचो — मुलीचं नाव, पुढे तिचं जन्मसाल. का? तक्रार आली की शोधाशोध नको. दुकानात बसल्या बसल्या कोणाचंही मशीन उघडता यायचं.

"भाऊ, साऱ्यांना एकच कायले ठेवता? एकाला समजला तर साऱ्यांच्या घरात शिरंल ना तो," ती म्हणाली होती. प्रत्येकासाठी वेगळा, लांबलचक पासवर्ड तयार करून ते सगळे कॉम्प्युटरात बंदोबस्तात ठेवायची सोयही तिने केली होती. मी गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "वैशालीबाई, आपण कॅमेरे विकतो. बँक नाही चालवत." सगळे हसले. तीही हसली. दुसरं काय करणार होती?

मग एका मोठ्या सोसायटीचं काम आलं. चेअरमन घासाघीस करण्यात माझा बाप निघाला. माहितीपत्रक त्याने न उघडताच बाजूला ठेवलं. "वाचता आम्हालाही येतं. चालू कॅमेरा दाखवा."

मी त्याचाच मोबाइल मागून घेतला आणि हडपसरच्या जगतापबाईंच्या हॉलमधला कॅमेरा त्यावर उघडला — तोच पासवर्ड टाकून, माझ्या बोटाने. त्या हॉलमध्ये बाईंच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची कॉट आहे. बाई कामावर जातात, म्हातारीवर लक्ष राहावं म्हणून कॅमेरा. "बघा, पातळाचा काठसुद्धा दिसतो की नाही?" असं मी म्हणालो. झोपलेली एक म्हातारी — आणि मी ती कापडाच्या नमुन्यासारखी दाखवत होतो. मोबाइल परत देताना कॅमेरा त्यातून काढायला हवा होता. मला ते सुचलंही नाही. भाव कुठे तुटतो, एवढंच डोक्यात.

पंधरा दिवसांनी जगतापबाई दुकानात आल्या. मोबाइल काउंटरवर ठेवून त्यांनी माझ्याकडे सरकवला. बाई सासूबाईंचं अंग पुसत होत्या, त्याची क्लिप त्यावर चालू होती. कोणत्या तरी ग्रुपवरून फिरत फिरत त्यांच्याच नात्यात पोचली होती.

पासवर्ड कोणाकोणाला माहीत होता, असं त्यांच्यासोबत आलेल्या दिराने विचारलं. त्या क्षणी मला चेअरमन आठवला नव्हता, असं लिहायला मला फार आवडलं असतं. आठवला होता. लख्ख. आणि मी वैशालीकडे बोट केलं. "रजिस्टर हिच्याकडे असतं." मग ओरडलो — मला ओरडता चांगलं येतं — शेजारची दुकानं बाहेर येईपर्यंत ओरडलो.

ती एकच वाक्य बोलली. "भाऊ, तुम्हाले माहीत आहे, मी नाही केलं." मग पर्स उचलून गेली.

कोणत्या मोबाइलवरून कॅमेरा पाहिला, हे मशीनमध्ये नोंदलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी हडपसरला गेलो, दुरुस्तीच्या नावाखाली. यादीत चेअरमनचा मोबाइल होता, त्याच्या नावासकट, रोज सकाळी. मी सगळं पुसून टाकलं. मी पुसत होतो आणि जगतापबाई माझ्यासाठी चहा ठेवत होत्या. तो मी प्यायलो.

काम चेअरमनने दुसऱ्यालाच दिलं. आणि खरं सांगू? क्लिपपेक्षा त्याचाच राग मला जास्त आला. किळस येते ना? मला स्वतःची येते, रोज.

आमच्या गल्लीत वैशालीला कोणी उभं केलं नाही. मध्यंतरी स्वारगेटजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात ती दिसली. मी रस्ता ओलांडला. आता माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा पासवर्ड असतो — तिच्याच पद्धतीने — आणि ही शिस्त माझी, असं मी त्यांना ऐकवतो. जगतापबाई दर दिवाळीला फराळ पाठवतात. "तुम्ही त्या मुलीला लगेच काढलंत, म्हणून विश्वास राहिला."

चेअरमनला जाब विचारायला हवाच. पण तो पासवर्ड त्याच्या मोबाइलवर टाकणाऱ्याला, नोंद पुसणाऱ्याला, बोट दाखवणाऱ्याला कोण विचारणार? त्या माणसाने जाब द्यायलाच हवा — हडपसरच्या त्याच हॉलमध्ये, म्हातारीच्या कॉटसमोर, वैशालीच्या देखत. तो माणूस मी आहे. आणि मी अजून तिथे गेलेलो नाही.