बिनरेघेचं हाड

परवा उमरखेडच्या पलीकडच्या एका तांड्यावर जाऊन आले. पर्समध्ये राखाडी भुकटीची एक पुडी होती. मोठमोठ्या परिषदांमध्ये बोलले आहे, पण इतकी कधी घाबरले नव्हते.

मी डायनोसॉरच्या हाडांचा अभ्यास करते. ते किती झपाट्याने वाढायचे, कोणत्या वयात मरायचे, हे कळायला हाड कापावं लागतं. त्याची चकती कागदाहून पातळ घासली की मायक्रोस्कोपखाली झाडाच्या खोडासारख्या रेघा दिसतात, वर्षाला साधारण एक. लोहाऱ्याचे आमचे नातेवाईक म्हणतात, पोरगी मेलेल्यांचे वाढदिवस मोजते. म्हणोत बापडे.

तर या तांड्यावर शेततळं खोदताना एक वीतभर हाड निघालं होतं. जिच्या शेतात निघालं त्या म्हातारीला अख्खा तांडा 'याडी' म्हणतो, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. याडीने ते हाड धुऊन, खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून जपलं होतं... आणि काही न मागता मला दिलं. "त्याचं काय निंघालं ते मले येऊन सांग," एवढीच अट.

गेल्या महिन्यात सांगायला गेले. खूप आनंदात होते, कारण त्या हाडात एकही रेघ नव्हती. म्हणजे ते पिल्लू वर्षाचंसुद्धा झालं नव्हतं... इतकं लहान पिल्लू माझ्या हाती याआधी कधी आलं नव्हतं. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

याडीचा चेहरा मात्र उतरला.

"म्हंजे लेकरूच होतं वं ते... मंग परत आणून दे. आमच्यात लेकराले जाळत नाहीत, मिठासंगं मातीत ठेवतात. तुमी त्याले काचीत कायले ठेवून राह्यले?"

मी समजावलं. हाड आता संग्रहात जमा झालंय, उद्या दुसऱ्या कुणाला माझं म्हणणं तपासायचं असेल तर ते तिथेच असायला हवं, परत देणं माझ्या हातात नाही... याडीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माही पोर बी वर्षाच्या आतच गेली. तिले माती तरी भेटली."

आणि उठून घरात निघून गेली. यवतमाळ येईपर्यंत मी मनातल्या मनात वाद घालत होते. बरोबर मीच होते... तरी चैन पडेना.

हाड कापताना पात्याच्या जाडीएवढा भाग कायमचा जातो. त्याची भुकटी पाण्याबरोबर ट्रेमध्ये उतरते. तो गाळ आम्ही वाळवून पुडीत बांधून ठेवतो, कारण त्यात कधीकधी एखादी कपची सापडते. पेपर छापून आला की पुडी कचऱ्यात. या हाडाचा पेपर अजून छापायचा होता, म्हणून पुडी शिल्लक होती. संग्रहात विचारलं, तर तिथले लोक म्हणाले, "न्या की, आम्हाला काय करायचंय त्याचं?"

परवा ती पुडी याडीसमोर ठेवली. म्हटलं, हाड नाही आणता आलं, पण कापताना त्याचं जे झिजलं ते हे... तिने पुडी उघडली, भुकटी बोटांनी चाचपली. आता ही मला हाकलणार, असंच वाटलं.

ती उठली. घरातून मीठ घेतलं आणि मला शेताच्या बांधावरच्या कडुनिंबाखाली घेऊन गेली. तिची लेक तिथेच आहे. तिच्या शेजारी याडीने हातानेच छोटा खड्डा केला, भुकटी ठेवली, वर मीठ टाकलं. मी चार पावलं मागे उभी राहिले. हे दुःख तिचं, आपण बाहेरच्या...

तेवढ्यात तिने माझा हात धरून मला पुढे ओढलं.

"माती तू दे. आपल्याच मानसानं द्या लागते. तुह्याबिगर त्याले वळखते कोन?"

दिली. रडू आलं, लपवत नाही. माझ्या कागदांवर ते पिल्लू फक्त एक नमुना होतं...

याडी, तू मला त्याच्या घरचं माणूस मानलंस. या कामात यापेक्षा मोठा मान मला कुणी दिलेला नाही.