साजाच्या राईची वाट

गोंदियाहून पॅसेंजर गाडीने दरेकसाला उतरले, तेव्हा वाटलं होतं, दुपारपर्यंत काम आटपेल. महाराष्ट्र-छत्तीसगडच्या सीमेवरच्या जंगलपट्ट्यात जपण्यासारख्या जागांची यादी होत होती; तिच्यासाठी एकेका जागेचा अर्ज मी भरत होते. कचारगडच्या गुहा सगळ्यांना ठाऊक. मला शोधायची होती त्यापलीकडची साजाची (ऐनाची) देवराई.

वाट दाखवायला सुगनाबाई आल्या. राईची पूजा त्यांच्या घराकडे. फोनवरचा नकाशा पाहत मी पुढे निघाले आणि भलत्याच नाल्यात उतरले. त्यांनी मला परत वर आणलं.

राईत त्यांची धाकटी बहीण रामबती भेटली. तिचं सासर पलीकडे, छत्तीसगडात. फोन कधी हे राज्य दाखवी, कधी ते. अर्जात राज्य कोणतं लिहावं, कळेना.

मी अर्ज काढताच सुगनाबाईंनी विचारलं, "काऊन लिवून राहिले जी? यादीत नाव आलं का लोकं येतेत. गाड्या येतेत. मंग देव कुठं जाईल?"

रामबतीने मला एका खोडापाशी नेलं. त्यावर रंगाने आकडा टाकला होता. छत्तीसगडच्या बाजूने रस्ता येणार होता.

"नइ लिखबे त कटा जाही, दीदी," ती म्हणाली (नाही लिहिलंस तर तोडलं जाईल).

दोघींचं खरं होतं. मग त्या दोघी गोंडीत भांडल्या. मला एकही शब्द समजला नाही. भांडण थांबलं तेव्हा रामबतीने डब्यातला भात आणि अंबाडीची भाजी तिघींत वाटली.

हात धुऊन सुगनाबाई म्हणाल्या, "झाडं लिवा. वाट नोका लिवू."

घरी येऊन मी तसंच केलं. राज्याच्या रकान्यात दोन्ही नावं लिहिली, वाटेचा रकाना कोरा ठेवला. अर्ज परत आला: माहिती अपूर्ण. दोन दिवस मी तो नुसता इकडून तिकडे हलवत राहिले. वाट लिहावी, तर सुगनाबाईंचा शब्द मोडतो. न लिहावी, तर झाडं जातात. शेवटी सुगनाबाईंना फोन करून, त्यांना विचारूनच रकाना भरला. या वेळी अर्ज परत आला नाही. यादी अजून लागायची आहे, झाडं उभी आहेत. मी नीट केलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. रकान्यात एवढंच आहे: दरेकसापर्यंत रेल्वे. पुढे सुगनाबाईंना विचारावे. त्या नेतील, किंवा नेणार नाहीत.