सिद्रामची अमेरिकेतली कोचकी

मागाखाली सकाळी झाडून घेतलं तरी दुपारपर्यंत तूस परत येऊन बसतं. आमच्या सिद्रामच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक झटकला की खाली दुसरा तयार! मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर जन्म काढला, आता रिटायर झालो. तरी चहाला रोज कारखान्यासमोरच्या टपरीवरच जातो, कारण घरी आता माझ्यावर कोणी चिडत नाही.

तर त्या टपरीवर सुपरवायझर व्यंकटेशनं मोबाईलवर एक गेम आणला. त्यात अमेरिकेतलं एक खोटं कॉलेज मिळतं आणि तुम्ही त्याच्या बास्केटबॉल टीमचे कोच होता. पोरं नुसती आकड्यांची. कुणाला किती खेळवायचं ते तुम्ही ठरवायचं, मॅच कॉम्प्युटर खेळतो. बाकीच्या कॉलेजांचे कोचही तुमच्यासारखीच मोबाईलवाली माणसं. हरत राहिलात तर सीझन संपल्यावर कॉलेजचा डायरेक्टर, तोही कॉम्प्युटरच, तुम्हाला काढून टाकतो. पगार नाही, पीएफ नाही, तरी नोकरी जाते! आमच्या लोकांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

*

सिद्राम मूळचा अक्कलकोटकडचा, अजून मागावरच आहे. गेममध्ये छोट्या कॉलेजात त्याचं बरं चाललं होतं. तिथं समोरचेही तसलेच, आणि कोणी कोणाला काढत नाही. पण गड्याला मोठेपणा पाहिजे. अर्ज टाकून मोठ्या कॉलेजात गेला आणि गेल्या गेल्या टीमच्या पाळ्या लावल्या. उंच असो की बुटका, सगळ्यांना सारखाच वेळ. आणि सुरू झालं की हरणं! व्यंकटेश म्हणाला, अरे, जो चांगला आहे त्याला जास्त खेळव.

"एकालाच जादा पाळी दिली तर बाकीची बोंबलत्यात की," सिद्राम म्हणाला. "सुपरवायझर असून तुमाला एवडं कळंना व्हय?"

*

सिद्रामचे सासरे करमाळ्याकडचे. आबा म्हणतो आम्ही त्यांना, मेंढरं पाळतात. पोरगी द्यायच्या आधी त्यांनी एकच विचारलं होतं, "नोकरी पक्की हाय का?" आता मागावरची नोकरी कधी पक्की असते का? त्यामुळं लग्न झालं, लेकरं झाली, तरी प्रश्न चालूच. शेवटी सिद्रामनं ठोकून दिलं की मी आता अमेरिकेच्या कॉलेजचा कोच आहे, मोबाईलवरून. आबांनी कमळाभवानीला नारळ फोडला आणि साऱ्या गावाला सांगितलं.

मग आबा स्वतः नोकरी बघायला आले. टपरीवर बसले, मोबाईल लांब धरला आणि व्यंकटेशला एकेका पोराचे आकडे विचारले. उंची किती, दम किती, पळतो कसा. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो बारका कामाचा हाय. ह्यो थोराड नुसता चरतोय."

सिद्राम म्हणाला, मामा, हा जनावरांचा बाजार नाही. आबांनी मोबाईल व्यंकटेशच्या हातात दिला. त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी आणि व्यंकटेश गेलो. गाडीला उशीर होता. वेळ चांगला गेला.

*

हरता हरता डायरेक्टरचा इशारा आला. यंदा टीम मोठ्या स्पर्धेत गेली नाही तर कोच घरी. सिद्राम तडक युनियनच्या पुढाऱ्याला टपरीवर घेऊन आला. पुढाऱ्यानं बाह्या सरसावल्या आणि विचारलं, मालक कोण?

"कॉम्प्युटर."

"आन् गेट कुटं हाय?"

"अमेरिकेत."

पुढाऱ्यानं सगळा चहा पिऊन होईपर्यंत विचार केला. मग म्हणाला, "आपली शाखा होटगीपर्यंतच हाय."

*

मी म्हटलं, नोकरी जाणारच आहे तर निरोप तरी रीतसर होऊ दे. टॉवेल, टोपी, नारळ आणला, पाळी सुटल्यावर सगळ्यांना गोळा केलं. सिद्रामला वाटलं, टीम जिंकली. खुर्चीत ऐसपैस बसला, टोपी घालून घेतली. मी भाषण सुरू केलं, "आपले लाडके कोच प्रकृतीच्या कारणानं सेवेतून मोकळे होत आहेत..."

टॉवेल थेट माझ्या तोंडावर आला. पण सोलापूरचा माणूस. त्यानंच तो उचलला, झटकला, नीट घडी घातली आणि काखेत मारला.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "तात्या, चेष्टा पुरं. मामा आजवर मला 'ए सोलापूरवाले' म्हनायचे. कोच झाल्यापास्नं जावईबापू म्हनत्यात. ह्ये गेलं तर त्येबी जातंय."

मी चेष्टा बंद केली. फार वेळ नाही.

*

इकडं सिद्रामनं सोडलेल्या छोट्या कॉलेजाला नवा कोच आला होता. नाव काय लावलेलं, तर 'काळा मेंढा'! आणि हा मेंढा सिद्रामचीच जुनी पोरं घेऊन जिंकत सुटला. सिद्रामला माझाच संशय. मी सिद्धेश्वराची शपथ घेतली की हा मी नव्हे. खरी शपथ होती.

सीझन संपला. सिद्रामची टीम स्पर्धेत गेली नाही. डायरेक्टरचं इंग्रजी व्यंकटेशनं वाचून दाखवलं: आजवरच्या सेवेबद्दल आभार. सिद्राम चहा न पिता उठला. मामांना काय सांगू, एवढंच म्हणत होता.

चार दिवसांनी त्या मोठ्या कॉलेजाचा नवा कोच जाहीर झाला. काळा मेंढा! सिद्राम त्या नावाकडं बघत बसला होता, तेवढ्यात करमाळ्याचा फोन. आम्ही खुणा करून स्पीकर लावायला लावला.

"मामा, एक सांगायचं हुतं," सिद्राम म्हणाला. "माजी ती कॉलेजची नोकरी..."

"ठावं हाय मला," आबा म्हणाले. मागं मेंढरं ओरडत होती. "तुमी जिवाला लावून घिऊ नगा, जावईबापू. ते धाकटं कालेज आता मी सोडलंय. रिकामं हाय. अर्ज टाका. तितं कोन कुनाला काडत न्हाय. नोकरी पक्की."